सँडिंगची काळी धूळ आणि तिच्यातील नॅनोट्यूब

वाचकाचे पत्र : मी नऊ वर्षांपासून कंपोझिटच्या, म्हणजे रेझिनमध्ये काच किंवा कार्बनचे तंतू बसवून बनवलेल्या, वस्तूंची दुरुस्ती करतो. सायकलींच्या फ्रेम, वल्ही, छोट्या होड्यांचे तडकलेले भाग असे काम येते. कार्यशाळा लहान आहे. मी आणि दोन मदतनीस. दोन वर्षांपासून आम्ही एक नवे इपॉक्सी रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारा चिकट द्रव, वापरतो. त्याच्या डब्यावर ‘कार्बन नॅनोट्यूबयुक्त’ असे छापलेले आहे, म्हणजे त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळलेल्या आहेत. जोड मजबूत होतो, म्हणून मी ते सोडले नाही. सँडिंग, म्हणजे जोड घासून गुळगुळीत करणे, कोरडेच करतो, तोंडाला कापडी मास्क असतो आणि संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकून घरी जातो. साठलेली धूळ एका पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली आहे, थोडी मोरीतही जाते. परवा एका मित्राने सांगितले की नॅनोट्यूब म्हणजे नवे ॲस्बेस्टॉस आहे, तेच कर्करोग करणारे तंतुमय खनिज. माझी पत्नी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि माझे कपडे तीच धुते. तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही. मी हे काम सोडावे का? कोणती तपासणी करून घ्यावी? ज्यांना दुरुस्त केलेल्या वस्तू दिल्या, त्यांच्या घरी लहान मुले आहेत. त्यांना धोका आहे का? आणि त्या पोत्याचे काय करू?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. आधी उत्तर देतो, कारणे मागाहून सांगतो. काम सोडण्याची गरज मला दिसत नाही. मात्र तीन गोष्टी आजच थांबवा : कोरडे सँडिंग, कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे आणि टेबल झटकणे, आणि कामाचे कपडे घरी नेणे. हे पत्र पुढे वाचण्याआधी मदतनिसांनाही हे सांगून या, कारण ती धूळ तुमच्याइतकीच त्यांच्याही छातीत जाते आणि त्यांनी मला पत्र लिहिलेले नाही.

आता मित्राच्या बोलण्याकडे वळू. त्यात तथ्य आहे, पण ते जिथे लागू पडते तिथेच ठेवायला हवे. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग, आणि साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर या मापातील पदार्थाला नॅनोपदार्थ म्हणतात. तुम्ही दुरुस्तीला वापरता त्या कापडातील कार्बन फायबरचा धागा साधारण ५ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे ५,००० ते ८,००० नॅनोमीटर जाड असतो. कार्बन नॅनोट्यूबची जाडी मात्र काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतच असते. नावात ‘कार्बन’ असल्यामुळे या दोन्हींची गल्लत फार होते. सँडिंगनंतर मनगटाला सुटणारी खाज बहुधा काच किंवा कार्बन फायबरच्या तुटलेल्या टोकांची असते, नॅनोट्यूबची नव्हे. आणि एवढा जाड धागा सहसा फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. नॅनोट्यूब पोहोचू शकते.

ॲस्बेस्टॉसशी तुलना कुठून आली तेही सांगतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या उदरपोकळीत लांब, सरळ, अनेक थरांच्या नॅनोट्यूब सोडल्या गेल्या, आणि तेथील आवरणावर ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंमुळे होते तशीच सूज आणि गाठी आढळल्या. आखूड किंवा गुंता झालेल्या नॅनोट्यूबमुळे मात्र तसे झाले नाही. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फुप्फुसात एखादा परका कण आला की तेथील भक्षक पेशी त्याला गिळून बाहेर काढू पाहतात. कण छोटा किंवा गोल असेल तर ते जमते. पण सुमारे १५ ते २० मायक्रोमीटरपेक्षा लांब, ताठ तंतू एका पेशीच्या पोटात मावत नाही. पेशी अर्धवट गिळलेल्या अवस्थेत अडकते, तिच्यातून दाहक रसायने पाझरत राहतात आणि ती सूज वर्षानुवर्षे टिकते. तंतू बारीक, लांब आणि शरीरात न विरघळणारा असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, मग तो तंतू कोणत्या पदार्थाचा आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारावर एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट प्रकारच्या लांब, ताठ नॅनोट्यूबला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेला’ म्हणजे २-ब या गटात ठेवले. बाकीच्या नॅनोट्यूबबद्दल पुरावा अपुरा असल्याने त्यांचे वर्गीकरण केले नाही. म्हणजे ‘सगळ्याच नॅनोट्यूब ॲस्बेस्टॉस’ हे म्हणणे चूक, आणि ‘नॅनोट्यूबला काही होत नाही’ हे म्हणणेही तेवढेच चूक.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. त्या प्रयोगांत वापरलेल्या नॅनोट्यूब मोकळ्या होत्या. तुमच्या टेबलावर त्या मोकळ्या नाहीत, घट्ट झालेल्या इपॉक्सीत रुतलेल्या आहेत. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की घासल्यावर त्यातून नेमके सुटते काय? डब्यात गेलेला कण आणि हवेत उडालेला कण हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि या विषयात लोकांचा बहुतेक गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो.

अशी धूळ मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली आहे. पहिल्यांदा पाहताना मनात सुट्या काळ्या नळ्यांचे चित्र होते. पडद्यावर दिसले ते वेगळेच : इपॉक्सीचा ओबडधोबड, धारदार कडांचा ढेकळासारखा कण, आणि त्याच्या तुटलेल्या कडेवरून बाहेर आलेली काही नॅनोट्यूबची टोके, जणू उसवलेल्या सुंभाच्या टोकाला लोंबणारे तंतू. जगभरात झालेल्या अनेक सँडिंग-चाचण्यांचे सर्वसाधारण चित्रही हेच आहे. सुटणारा बहुतेक माल म्हणजे नॅनोट्यूब पोटात घेतलेले प्लॅस्टिकचे तुकडे असतात, त्यांतील बरेच मायक्रोमीटरच्या मापाचे. पूर्णपणे सुट्या नॅनोट्यूब क्वचित सापडतात, पण काही घर्षण-प्रयोगांत त्या सापडलेल्या आहेत, म्हणून ‘कधीच सुटत नाहीत’ असे मी तुम्हाला लिहून देणार नाही.

किती सुटते हे मुख्यतः मालाच्या कडकपणावर, हत्याराच्या वेगावर आणि नॅनोट्यूब रेझिनमध्ये किती सारख्या मिसळल्या आहेत यावर ठरते. नीट न मिसळलेल्या रेझिनमध्ये नॅनोट्यूबचे गोळे राहतात आणि सँडर तिथून गेला की तो गोळा सैल होऊन बाहेर पडतो. म्हणून कारखान्यातच मिसळून आलेले रेझिन वापरणे आणि कोरडी नॅनोट्यूब पावडर स्वतः वजन करून मिसळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती पावडर हवेपेक्षा फार जड वाटतच नाही. डब्याचे झाकण उघडले की धुरासारखी वर येते. तुम्ही तयार रेझिन वापरता हे तुमच्या पत्रावरून समजते. तसेच चालू ठेवा, आणि पावडर स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवली तरी ती कार्यशाळेत आणू नका.

येथे आणखी एक गोष्ट सांगतो, जी ऐकून तुम्हाला कदाचित दुहेरी वाटेल. नॅनोट्यूब असलेल्या इपॉक्सीची आणि साध्या इपॉक्सीची सँडिंगची धूळ उंदरांच्या फुप्फुसात सोडून केलेल्या एका तुलनेत फुप्फुसावरील परिणाम दोन्हींचा जवळपास सारखाच दिसला. फरक दिसला तो यकृताच्या पेशींत. याचा अर्थ नॅनोट्यूबमुळे तुमच्या धुळीचा धोका कैक पटींनी वाढला, असे त्या तुलनेवरून म्हणता येत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की त्याआधीची सात वर्षे तुम्ही ज्या धुळीला ‘साधी’ समजत होता, तीही निरुपद्रवी नव्हती. पूर्ण न सुकलेल्या इपॉक्सीच्या धुळीत हार्डनरचे, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाचे, अंश असतात, त्यांनी त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की त्या रेझिनच्या जवळ जाणेही कठीण होते. शिवाय रेझिन दाट करण्यासाठी दुरुस्तीवाले जी पांढरी, पिसासारखी हलकी पावडर घालतात, ती फ्यूम्ड सिलिका स्वतःच नॅनोकणांची बनलेली असते. तिच्या डब्यावर ‘नॅनो’ असे लिहिलेले नसते, एवढेच. ती स्फटिकरूप नसल्यामुळे दगडखाणीतल्या सिलिकासारखी नाही, पण ती ओतताना उठणारा लोट श्वासात घेण्याजोगा नक्कीच नाही.

मोकळ्या नॅनोट्यूबबद्दल अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे निऑशने, २०१३ मध्ये एक मर्यादा सुचवली : आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम. हा आकडा किती लहान आहे ते तुमच्या कामाशी जोडून पाहा. रेझिनमध्ये वजनाने १ टक्का नॅनोट्यूब आहेत असे धरू. हवेत श्वसनीय धूळ घनमीटरला १ मिलीग्रॅम असेल, तर त्यात १० मायक्रोग्रॅम नॅनोट्यूब झाल्या, म्हणजे त्या मर्यादेच्या दहापट. आणि ती १ मिलीग्रॅम धूळ अमेरिकेतल्या सर्वसाधारण धुळीच्या ५ मिलीग्रॅम या कायदेशीर मर्यादेत अगदी आरामात बसते. अर्थात त्या १० मायक्रोग्रॅमपैकी जवळपास सगळ्या प्लॅस्टिकमध्ये कैद असतात, त्यामुळे ही तुलना सरळ धोका म्हणून वाचू नये. पण ‘धूळ नियमात आहे, मग काळजी कशाला’ हे उत्तर अशा मालाला पुरत नाही, एवढे त्यावरून कळते. शिवाय ती १ मायक्रोग्रॅमची मर्यादा म्हणजे तिच्याखाली धोका शून्य अशी रेषा नाही. त्या वेळच्या मोजणीच्या पद्धतीने खात्रीने मोजता येईल अशी ती किमान पातळी होती.

धूळ जितकी बारीक तितके तिचे वजन फसवे. १० मायक्रोमीटरचा एक कण फोडून १०० नॅनोमीटरचे कण केले, तर तेवढ्याच वजनात दहा लाख कण होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग शंभरपट होतो. शरीराशी संबंध येतो तो पृष्ठभागाचा. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, साधारण ४ मायक्रोमीटरच्या खालचे वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात, आणि २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण श्वासात गेले तर त्यांतील निम्म्याच्या घरातले तिथेच बसतात. पण सँडिंगच्या वेळी कणमोजणी यंत्रावर दिसणारा प्रत्येक नॅनोकण तुमच्या रेझिनचा नसतो. सँडरच्या मोटरमधील कार्बन ब्रशच्या ठिणग्यांतूनही अतिसूक्ष्म कण निघतात. कोणी यंत्र आणून ‘बघा, लाखो नॅनोकण’ असे दाखवले, तर आधी सँडर मालाला न टेकवता नुसता चालू करून आकडा किती येतो ते पाहायला सांगा.

आता उपायांकडे. सर्वांत मोठा फरक पाण्याने पडतो. ओल्या कटिंगमध्ये हवेतील कण आजूबाजूच्या नेहमीच्या पातळीपर्यंत खाली आल्याचे मोजमापांत दिसले आहे. हाताने घासताना वॉटरपेपर आणि पाण्याचा फवारा, मशीनने घासायचे तर हवेवर चालणारा, ओल्या कामासाठी बनवलेला सँडर. विजेच्या साध्या सँडरवर पाणी मारू नका. जिथे ओले करणे शक्यच नाही, तिथे धूळ ओढणारे आवरण असलेला सँडर हवा आणि त्याची नळी हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या, फिल्टरच्या औद्योगिक व्हॅक्यूमला जोडलेली हवी. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, तो मोठे कण पिशवीत ठेवतो आणि बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. व्हॅक्यूम विद्युतभार जमिनीत सोडणारा, म्हणजे अर्थिंग असलेला असावा. कार्बनची धूळ वीजवाहक असते, ती स्विचबोर्डात आणि उघड्या प्लगमध्ये शिरून शॉर्टसर्किट करते. हे बऱ्याच कार्यशाळांना मशीन जळाल्यावरच कळते. खोलीतला भिंतीवरचा पंखा तोंडासमोरून धूळ पलीकडच्या माणसाकडे ढकलतो, त्याने काम भागत नाही.

एक छोटी चाचणी करून पाहा. संध्याकाळी दिवे बंद करा, मदतनिसाला एक मिनिट सँडिंग करू द्या आणि बाजूने एक तेजस्वी टॉर्च त्याच्या हातावरून तुमच्या दिशेने धरा. दिवसा अदृश्य असलेला लोट त्या झोतात वळसे घेत थेट त्याच्या नाकापर्यंत जाताना दिसेल. नॅनोकण त्यात दिसणार नाहीत, पण ते ज्या हवेबरोबर जातात ती हवा कुठे जाते ते दिसेल, आणि शोषणाची नळी कुठे धरायची तेही मग वेगळे सांगावे लागत नाही.

मास्क शेवटी येतो, आणि कापडी मास्क तर या कामात मास्कच नव्हे. एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, शक्य असेल तर बदलत्या फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क घ्या. ‘एवढे बारीक कण फिल्टरमधून पार जात असतील’ हा समज मी अनेक जाणकारांकडूनही ऐकला आहे, पण तो चुकीचा आहे. चाळणीत लहान खडा निसटतो, फिल्टरमध्ये तसे होत नाही. फार बारीक कण सरळ रेषेत जात नाहीत, हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटतात आणि फिल्टरच्या धाग्यांना जाऊन चिकटतात. सर्वांत जास्त निसटतात ते साधारण ५० ते ३०० नॅनोमीटरचे मधले कण, आणि मास्कची चाचणी त्याच कठीण टप्प्याला लक्षात ठेवून केलेली असते. खरी गळती कडेने होते. मी सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगशाळेत कंपोझिटच्या पट्ट्या कापत असे. दिवसभर चांगला मास्क लावूनही संध्याकाळी आरशात नाकाच्या दोन्ही बाजूंना काळी रेघ दिसायची आणि मी ती ‘मास्क काम करतो आहे’ याची खूण समजत होतो. ती खूण नेमकी उलटी होती : हवा तिथून आत येत होती. तुमच्या चेहऱ्यावर अशी रेघ दिसते का ते पाहा. दाढी असेल तर कोणताही चेहऱ्याला चिकटणारा मास्क नीट बसणार नाही, हेही स्पष्ट सांगतो.

तुमच्या पत्नींबद्दल. तुम्हाला सर्वांत जास्त टोचते आहे ते हेच, म्हणून मोजून लिहितो. कपड्यांवर असलेला माल मुख्यतः इपॉक्सीची आणि फायबरची धूळ आहे. त्यात सुट्या नॅनोट्यूब असल्या तरी अत्यल्प. धुण्याच्या पाण्यात ती हवेत उडत नाही. धोका आहे तो कपडे झटकताना, तेव्हाच ती श्वासात जाते. झाले त्याबद्दल स्वतःला कोसत बसण्याचे कारण नाही, पण आजपासून त्यांनी ते कपडे हाताळू नयेत. कार्यशाळेत वेगळे कपडे आणि वेगळ्या चपला ठेवा, निघताना हात, मनगट, मान आणि चेहरा साबणाने धुवा, कपडे न झटकता पिशवीत घाला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे, स्वतः धुवा. त्यांच्या डॉक्टरांना तुमचा व्यवसाय आणि रेझिन-हार्डनरशी येणारा संबंध सांगून ठेवा. अखंड त्वचेतून हे कण आत जातात याला फारसा आधार नाही; त्वचेचा प्रश्न न सुकलेल्या रेझिनचा आहे, त्यासाठी नायट्राइलचे हातमोजे वापरा.

तपासणीबाबत माझे मत असे की शरीरात नॅनोट्यूब किती गेल्या हे सांगणारी व्यवहारात उपयोगी अशी रक्ताची किंवा लघवीची चाचणी नाही, आणि तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. उपयोगी आहे ती फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री, आणि डॉक्टरांना योग्य वाटल्यास छातीचा एक एक्स-रे, पुढे तुलना करता यावी म्हणून. व्यवसायजन्य आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे तुम्ही तिघेही जा. जाताना रेझिन, हार्डनर आणि पावडरींची नावे, किती वर्षे, आठवड्याला किती तास घासता, हे एका कागदावर लिहून न्या. तो कागद कोणत्याही यंत्राच्या अहवालाइतकाच मोलाचा ठरतो. खोकला, कामाच्या दिवशी वाढणारी आणि सुट्टीत कमी होणारी धाप, छातीत घरघर अशी लक्षणे असतील तर थांबू नका, कारण इपॉक्सीच्या हार्डनरमुळे दमाही होऊ शकतो.

ज्यांनी वस्तू घरी नेल्या त्यांच्याबद्दल निश्चिंत राहा. पूर्ण सुकलेल्या, वरून लाखेचा थर दिलेल्या जोडातून हात लावल्याने नॅनोट्यूब निघत नाहीत. एकच बाब त्यांना सांगण्यासारखी आहे, ती उन्हाची. अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडते, मग पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि प्लॅस्टिक हळूहळू झिजून जाते, पण आतला भराव, म्हणजे त्यात मिसळलेले बारीक कण किंवा नॅनोट्यूब, झिजत नाही. सिलिकाचे नॅनोकण असलेल्या इपॉक्सीत ते कण पृष्ठभागावर साचतात आणि पुढे सुटू लागतात. नॅनोट्यूबचे वागणे निराळे : त्या एकमेकींत गुंतून वर दाट जाळी तयार करतात आणि ती जाळी खालच्या प्लॅस्टिकला काही प्रमाणात झाकते. पण ती जाळी घासली किंवा ओरबाडली तर काय होईल, हे उघड आहे. म्हणून वल्ही आणि होड्यांना अतिनील-रोधक क्लिअर कोट द्या, तो गेला की पुन्हा द्यायला सांगा, आणि तडकलेली वस्तू दुरुस्तीला आणताना तडा चिकटपट्टीने झाकून आणायला सांगा. घरी पॉलिश पेपरने घासून पाहू नका, हेही सांगा.

मोरीत जाणाऱ्या धुळीचा विषय लहान वाटतो, पण मला तो तसा वाटत नाही. अशा कणांचा पाण्यातला प्रवास आपण इतर वस्तूंवरून ओळखतो. इमारतींच्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाताना मोजले गेले आहेत. जंतुरोधक मोज्यांतील चांदी धुण्याच्या पाण्यात उतरते आणि सांडपाणी शुद्धीकरणात तिचे बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड होते, जे फारसे विरघळत नाही. म्हणजे ती नाहीशी होत नाही, गाळात बसते. जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात विरघळतात आणि सुटलेले जस्त शेवाळाला घातक ठरते. नॅनोट्यूब विरघळत नाहीत, त्या मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात आणि त्यांना धरून असलेला प्लॅस्टिकचा तुकडा सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणून तिथेच राहतो.

नॅनोभरावाकडे पाहण्याच्या नादात बाकीच्या मालाकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून टायरचे उदाहरण देतो. टायर हा कार्बन ब्लॅक आणि सिलिकाच्या सूक्ष्म कणांनी भरलेला रबरच आहे आणि त्याची झीज रोज रस्त्यावर पडते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे का मरतात, याचा शोध घेताना २०२० मध्ये दोषी सापडला तो भराव नव्हे, तर रबर टिकावे म्हणून घातलेल्या ६-पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार झालेला क्विनोन. तुमच्या धुळीतही नॅनोट्यूबबरोबर हार्डनर, रंग आणि इतर रसायने आहेतच. म्हणून ओल्या सँडिंगचे पाणीही मोरीत सोडू नका. ते बादलीत रात्रभर स्थिर राहू द्या, वरचे पाणी बारीक फिल्टरमधून काढून पुन्हा घासायला वापरा आणि खालचा गाळ वेगळा भरून ठेवा.

तो माल उघड्यावर जाळणे तर नकोच. नॅनोट्यूब हवेत जळायला सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेसा वेळ लागतो. नियंत्रित भट्टीत, जिथे ८५० अंशांवर वायू किमान दोन सेकंद राखले जातात, तिथे त्या जळून जाण्याची चांगली शक्यता असते. शेकोटीत प्लॅस्टिक आधी जळते, आतल्या नॅनोट्यूब मोकळ्या होऊन राखेत आणि धुरात राहतात, म्हणजे जे मोकळे होऊ नये म्हणून आपण एवढे करतो तेच आपण हाताने घडवतो.

पुरवठादाराला एक पत्र लिहा, फोन नको. नॅनोट्यूब कोणत्या प्रकारच्या, त्यांची लांबी आणि जाडी किती, वजनाने टक्का किती, आणि सुकलेल्या मालाच्या सँडिंगची चाचणी झाली आहे का, एवढे चार प्रश्न पुरेत. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे घटक आणि धोके सांगणारा कागद, मागा आणि तिचा ३ रा व ८ वा विभाग वाचा; ३ ऱ्यात घटक असतात, ८ व्यात संरक्षणाचे उपाय. ८ व्या विभागात नुसते ‘पुरेशी हवा खेळती ठेवा’ एवढेच असेल, तर त्यांनी या मालाचा विचार केलेला नाही असे समजा. लांबी सांगायला ते तयार नसतील, तर मी ते रेझिन बदलेन. आणि स्वतःलाही विचारा की प्रत्येक दुरुस्तीला ते लागते का. भार पेलणाऱ्या जोडाला त्याचा फायदा होत असेल. पण ओरखडा बुजवायला, कडा भरायला साधे इपॉक्सी चालते, आणि नेमक्या त्याच कामात सर्वांत जास्त घासावे लागते. तिथे ते वापरणे आजच बंद करता येईल.

राहिले कोपऱ्यातले पोते. ते उचलून ओतू नका, झटकू नका, दुसऱ्या पोत्यात भरू नका. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, तोंडाकडून हलक्या फवाऱ्याने आतली धूळ ओली होईपर्यंत पाणी मारा, तोंड बांधा, ते पोते तसेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीही बांधा आणि वर ‘इपॉक्सी-कार्बन नॅनोट्यूब धूळ, उघडू नये’ असे ठळक लिहा. ओला गाळही असाच ठेवा. मग औद्योगिक घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेला आत काय आहे ते लेखी सांगून ते द्या, आणि पोते होते ती जागा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. ते फडकेही त्याच पिशवीत जाऊ द्या.